आपापली डबी

जागेश्वरने डबी उपडी करून तळहातावर आपटली, तर आतून कुंकू पडले. हाताची बोटे लाल झाली. समोर ओसरीवर उभी असलेली शकुनबाई पदर तोंडाला लावून हसली. गोळ्या तर केव्हाच संपल्या, आता एवढी चांगली झाकणाची डबी रिकामी कशाला ठेवायची, म्हणून सुनेने कुंकू भरले, असे तिचे म्हणणे. मागच्या घरी मीठ निघाले होते. त्याच्याही मागच्या घरी डबीच नव्हती; गळाला लावायची गांडुळे ठेवायला पोरांनी ती तलावावर नेली होती.

हंगामाचा शेवटचा फेरा होता आणि जागेश्वरचे डोके सकाळपासून फिरलेले होते. डबीवर नंबर आहे, तो पुसू नका, डबी बदलू नका, संपली की तशीच परत द्या, हे त्याने ज्येष्ठापासून दर आठवड्याला सांगितले होते. ऐकताना सगळे माना डोलवत. पळसटोल्याच्या लोकांइतकी मनापासून मान डोलवणारी माणसे त्याने दुसरीकडे पाहिली नव्हती. हो म्हणायचे आणि करायचे मात्र मनाला येईल ते. वर रागवायचीही सोय नव्हती, कारण त्याची धाकटी बहीण बेबीबाई याच गावात दिलेली. म्हणजे तो साऱ्या गावाचा साळा. साळ्याचा राग कोणी मनावर घेत नाही. त्याची सायकल दिसली की पारावरचे म्हातारेसुद्धा "आले आमचे साळेबुवा" म्हणून एकमेकांना कोपराने ढोसत.

जागेश्वर राहणारा सानगडीचा. शहरातल्या विद्यापीठाचा एक मोठा दवाखाना होता. तिथल्या डॉक्टर खानझोड्यांनी सानगडीत खोली भाड्याने घेऊन पळसटोल्यात पायाच्या तापाचा अभ्यास मांडला होता आणि मॅट्रिक झालेला, गावोगाव ओळखी असलेला माणूस म्हणून जागेश्वरला मदतीला घेतले होते.

तलावाखालच्या या गावांत पाय सुजण्याचा आजार घरटी एखाद्याला तरी होता. उन्हाळाभर तो गुमान असे आणि नेमका रोवणीच्या तोंडावर उठे. बायका दिवसभर चिखलात वाकून धानाचे रोप लावत, आणि एखादीला संध्याकाळी थंडी वाजून ताप भरे, जांघेत गाठ येई, पायाला पदर लागलेला सहन होत नसे. ताप चार दिवसांनी उतरे, पण जाताना थोडी सूज पायात ठेवून जाई. ती मग हटत नसे. दर तापाला पाय थोडा अधिक जड, असे करत करत गावातल्या काही बायकांना घराचा उंबरा ओलांडणेही मुश्कील झाले होते. बेबीबाईचा पाय अजून नुसता घोट्याशी भरल्यासारखा दिसे. अजून वेळ गेली नव्हती, असे डॉक्टरच म्हणाले होते.

डॉक्टरांना वाटत होते की एक साधी गोळी ठरल्या दिवशी, आठवड्याच्या आठवड्याला घेतली तर हा ताप आवरेल. पण नुसते वाटून भागत नाही, ते दाखवून द्यावे लागते. दाखवता आले तर तलावाकाठच्या सगळ्या गावांना औषध फुकट मिळणार होते. नाही आले तर सानगडीच्या खोलीला कुलूप.

म्हणून निम्म्या डब्यांत औषध होते आणि निम्म्यांत दिसायला अगदी तशीच, पण नुसत्या खडूची गोळी. कोणाला काय गेले ते जागेश्वरला माहीत नव्हते, खुद्द डॉक्टरांनाही नव्हते. ती नोंद शहरात दुसऱ्याच कोणाच्या तरी कपाटात होती. हे लोकांपासून लपवायचे नाही असा डॉक्टरांचा आग्रह. त्यांनी स्वतः पारावर उभे राहून समजावले तेव्हा कोणाला काडीचेही कळले नाही. मग जागेश्वर पुढे झाला.

"एका बांधीत खत टाकाचं अन् बाजूची बांधी तशीच ठेवाची," तो म्हणाला. "मंग धान पाहाचा, कोन्त्या बांधीत चांगला झाला. तसंच हे. कोनाले औषध, कोनाले खडू. दिवाळीले समजन."

एका झटक्यात सगळ्यांना समजले. आपल्याच धानाच्या वाफ्यांची गोष्ट होती, न समजायला काय झाले. डॉक्टरांनी परतताना जीपमध्ये त्याच्या पाठीवर थाप मारली होती आणि तो दोन दिवस जमिनीवर नव्हता. आता हात धोतराला पुसत, कुंकवाची डबी पोत्यात टाकत तो मनात म्हणाला, समजले होते म्हणे.

दिवाळीच्या अलीकडे डॉक्टरांनी त्याला शहरात बोलावून घेतले. मोठ्या दवाखान्याच्या व्हरांड्यात खाटा पुरत नव्हत्या म्हणून माणसे सतरंज्यांवर निजलेली होती. त्यांच्यातून पाय टाकत तो डॉक्टरांच्या खोलीत पोहोचला. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता. कपाट उघडून झाले होते, हिशेब जुळवून झाला होता. औषधाच्या डबीवाल्यांना जितका ताप आला, तितकाच खडूच्या डबीवाल्यांनाही आला होता.

"म्हणजे आपली गोळी आणि खडू एकच, जागेश्वर," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. विद्यापीठाची समिती अभ्यास बंद करा म्हणणार, आणि त्यात तिची काही चूक नाही, असेही ते म्हणाले. मग त्यांनी त्याच्यासाठी चहा मागवला. जागेश्वरला गेला पावसाळा आठवला. पावसाळाभर त्याने खांद्यावर सायकल घेऊन चिखल तुडवला होता. एकदा नाल्याच्या पुरात तो जवळजवळ वाहूनच गेला होता, तरी डब्यांची पिशवी डोक्यावर धरून ठेवली होती. सगळी मेहनत पाण्यात गेली. आणि बेबीच्या पायाचे काय करायचे, ते राहिलेच.

दिवाळी झाली की या भागात गावोगाव मंडईची जत्रा भरते. पळसटोल्याच्या मंडईला लेकी-जावई, सोयरे-धायरे झाडून येतात, तसा जागेश्वरही बहिणीकडे गेला. मेव्हणा नत्थू पाहुण्यांना घेऊन बाजारात फिरायला गेलेला. घरात दोघेच होती. बेबीबाईने ताट वाढले आणि समोर पाय लांब करून बसली. जागेश्वरने तिला सगळे सांगितले. औषध आणि खडू सारखेच निघाले, आता गोळ्या यायच्या नाहीत, खोली बंद होणार.

बेबीबाईने भाजीचा पळा तसाच हातात धरला.

"सारखं कसं नाही निघन, भाऊ?" ती म्हणाली. "आम्ही सारखंच तं खाल्लं."

ती अगदी सरळपणे सांगत होती. पहिल्याच आठवड्यात शकुनबाईने सगळ्यांना डब्या घेऊन अंगणात बोलावले होते. सगळ्या गोळ्या एका सुपात ओतल्या, हाताने कालवल्या, आणि ज्याच्या त्याच्या डबीत मोजून परत भरल्या. पुरुषमाणसांच्याही. कोणाच्या वाट्याला किती औषध आणि किती खडू आला ते देव जाणे, पण कोणी नुसता खडूच खात बसला, असे झाले नाही.

"काहून?" जागेश्वरने विचारले.

"तूच तं सांगतलं ना. अर्ध्यायले औषध अन् अर्ध्यायले खडू. मंग ज्यायले खडू भेटला त्यायनं काय पाप केलं?"

"अवं, मी बांधीचं सांगतलं होतं ना समजावून. एका बांधीत खत टाकाचं..."

"हो ना. अन् वरच्या बांधीचं पानी खालच्या बांधीत येतेच ना, भाऊ. खत काय एका बांधीत राह्यते? ते कोन अडवून ठेवते?"

जागेश्वरने कपाळावर हात मारला. मग त्याच्या तोंडाचा जो पट्टा सुटला, तो आवरेना. अडाणी म्हणाला, दळभद्री म्हणाला, तुमच्या सुपापायी सगळ्या मुलखाचे औषध गेले म्हणाला. बेबीबाई खाली मान घालून ऐकत राहिली. त्याचे संपल्यावर तिने ताटात आणखी भात वाढला आणि हळूच म्हणाली की ताप तर औंदा सगळ्यांनाच कमी आला. तिला स्वतःला दोनदाच आला, तोही एका दिवसाचा.

तिला मारावे की तिच्या पाया पडावे, हे जागेश्वरला कळेना. लोकांना आपले सांगणे समजले नाही असे तो वर्षभर समजत होता. त्यांना ते अगदी पुरेपूर समजले होते, आणि समजले म्हणूनच त्यांनी ते दुरुस्त केले होते.

हे डॉक्टरांना सांगावे की नाही, या विचारात त्याने आठवडा घालवला. सांगितले नसते तर खोली बंद झाली असती आणि कोणाला त्याच्यावर बोटही ठेवता आले नसते. सांगितले तर वर्षभर काय झोपा काढत होतास, असे कोणीही विचारले असते. शेवटी त्याने एसटी धरली आणि शहरात जाऊन सांगून टाकले.

डॉक्टर आधी हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

ताप सगळ्यांचाच कमी झाला म्हणतात, असे जागेश्वरने मागून सांगून पाहिले.

"मला पटतं रे. पण मी ते दाखवू कोणाला? औंदा पाऊस कमी होता, म्हणून ताप कमी आला, असं म्हणून मोकळे होतील ते."

तरी डॉक्टरांनी समितीपुढे हात जोडले. कसाबसा आणखी एक हंगाम मिळाला, तोही एका अटीवर. डब्या आता लोकांच्या घरी राहणार नाहीत. जागेश्वरने ठरल्या दिवशी ज्याच्या त्याच्या डबीतली गोळी हातावर ठेवायची, आपल्यासमोर पाण्याबरोबर गिळायला लावायची, आणि तोंड उघडून, जीभ उचलून खात्री करायची. एकही गोळी इकडची तिकडे गेली तर पुढे काहीच आपल्या हातात नाही, असे डॉक्टरांनी बजावले. मग त्यांनी विचारले, "तुझी बहीण आहे ना त्या गावात?"

"आहे," जागेश्वर म्हणाला.

"मग तुला जमेल का ते बघ."

जमेल, असे तो म्हणाला. दुसरे काय म्हणणार होता?

ज्येष्ठात तो पुन्हा पारावर उभा राहिला. या खेपेला त्याने बांधीचे नाव काढले नाही. या वर्षी वाटून खाल्ले तर कोणालाच औषध मिळणार नाही, कधीच नाही, आणि वाटून नाही खाल्ले तर पुढल्या वर्षी सगळ्यांना मिळेल, असे त्याने रोखठोक सांगितले. ज्याला नको असेल त्याने आताच यादीतून आपले नाव काढावे, नंतरही काढता येईल, कोणी जबरदस्ती करणार नाही. शकुनबाईने विचारले की किती दिवस असे चालायचे. दिवाळीपर्यंत, तो म्हणाला. सगळ्यांनी माना डोलवल्या. त्या मानांवरचा त्याचा विश्वास केव्हाच उडाला होता.

मग दर बुधवारी सकाळी, बायका शेतावर निघायच्या आधी, पारापाशी रांग लागू लागली. जागेश्वर पेटीतून नंबराची डबी काढी, गोळी हातावर ठेवी, लोटा पुढे करी. गोळी गिळली की म्हणे, तोंड उघडा. जीभ उचला. आईच्या वयाच्या बायकांना गावाच्या साळ्यासमोर आ करून उभे राहावे लागे. बाजारात बैलाचे दात पाहतात तसे पाहून राहिला, असे एक म्हातारी त्याच्या तोंडावर बोलली. पुरुषांनी चेष्टा सोडून दिली. साळेबुवा म्हणणारेही आता नुसते जागेश्वर म्हणत. त्याला स्वतःची लाज वाटे आणि त्या लाजेचा राग येऊन तो अधिकच तिरसटपणे म्हणे, जीभ उचला.

आषाढात रोवणी सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात बेबीबाईला ताप भरला. पंधरा दिवसांनी पुन्हा. श्रावणात तिसऱ्यांदा. सूज घोट्यावरून पोटरीवर चढली. आणि शकुनबाई, जी कित्येक वर्षे अर्धी रोवणी खाटेवर काढायची, ती या वर्षी सलग चिखलात उभी होती. कोणाच्या डबीत काय आहे हे सांगायला आता कोणाच्या कपाटाची गरज उरली नव्हती. सारे गाव जाणून होते. जागेश्वरही जाणून होता, आणि तरी दर बुधवारी बहिणीच्या हातावर तो खडूच ठेवत होता.

नत्थू एकदा सानगडीला खोलीवर आला. फार बोलणारा माणूस नव्हता. बाकावर बसला, टोपी काढली, पुन्हा घातली, आणि डबी बदलता येत नाही का, म्हणून विचारले. येत नाही, जागेश्वर म्हणाला. तिचे नाव काढता येईल. मग डॉक्टर तिला खरे औषध देतील. पण एक निघाली की दुसऱ्याही निघतील, आणि अभ्यास बंद पडेल. नत्थू म्हणाला की हे तिलाच सांगा.

जागेश्वरने बहिणीला सांगितले. ती भिंतीला पाठ लावून बसली होती, पाय उशीवर ठेवलेला.

"मी निंघाली तं बाकीच्या खडूवाल्या काय करतीन?" तिने विचारले.

"त्यायचं मले नको सांगू. तू आपलं पाह्य."

"पाहू," ती म्हणाली. तो चिडून उठून आला. त्याला हो हवे होते. पारावर सगळ्यांदेखत तिने नाव काढावे, सगळ्यांनी काढावे आणि ही पेटी एकदाची तलावात जावी, असेही त्याला वाटून गेले.

पुढच्या बुधवारी आभाळ भरून आले होते. बायका घाईत होत्या, डोक्यावर पोत्याच्या खोळी घेऊनच रांगेत आलेल्या. शकुनबाईची पाळी आली. तिच्या मागे बेबीबाई एका पायावर भार देऊन उभी होती. ताप नुकताच उतरलेला, डोळे खोल गेलेले. जागेश्वरने गोळी ठेवली. शकुनबाईने ती तोंडात टाकली, लोट्यातले पाणी प्यायली, आणि लोटा परत देताना ती त्याच्या नजरेला नजर देईना. तिचा एक गाल किंचित फुगलेला होता. हात पदराखाली मागे गेला होता, बेबीबाईच्या बाजूला.

त्याला कळले, गोळी गालातच आहे, मागे बेबीला द्यायची. दुसरे कोणाला कळायचे कारण नव्हते. नुसते, पुढे चला, म्हटले की काम झाले असते. पाऊस येत होता, सगळ्यांनाच घाई होती, एखाद्या वेळी बघायचे राहून जाते. जाऊ द्यावे, असे त्याला इतके वाटले की त्याने तोंडही उघडले. आणि मग त्याला दिसले, की बेबीच्या मागे रांगेत आणखी एक आहे, जिचा पाय तिच्याहून जास्त सुजलेला आहे, आणि तिच्यामागे आणखी एक.

"जीभ उचला," तो म्हणाला.

शकुनबाई हलली नाही. ओठ जेमतेम उघडून, जपून म्हणाली, "मागं तुमची बहीन उभी हाये, भाऊ."

"दिसून राहिली मले. जीभ उचला."

मग शकुनबाईने लोटा त्याच्या हातातून ओढून घेतला, घटाघटा पाणी पिऊन गोळी गिळली, जीभ उचलली, आणि ती बांधावरून शेताकडे चालू लागली.

बेबीबाई पुढे आली. तिने सगळे ऐकले होते. जागेश्वरने तिची डबी काढली. झाकण निघेना, निघाले तर हातावर एकीऐवजी दोन गोळ्या पडल्या. त्याने एक परत टाकली. ती आता नाव काढणार असेल तर आताच काढेल, असे वाटून तो क्षणभर थांबला. तिने त्याच्या तळहातावरची गोळी उचलली, तोंडात टाकली, पाणी प्यायली. मग तो काही म्हणायच्या आत तिने तोंड उघडले, जीभ वर केली, आणि त्याने मान वर करून पाहीपर्यंत ती तशीच उभी राहिली.